वॉशिंग मशीनची लाईन घरी टाकायचीय? नळाच्या आधी पाणी जाणार कुठं ते बघा

मशीन घरी आली की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, नळ कुठं बसवायचा. मी पण तेच केलं. नळ झकास बसवला, ब्रासचा, भिंतीतून, आणि सांडपाण्याचा पाईप मागच्या क्लिपातून काढून दिला तसाच मोरीच्या जाळीवर टाकून, म्हणलं पाणी काय उताराला जाणारच की. मशीन फ्रंट लोड, पहिलंच धुणं, आमच्या लातूरला तेव्हा नळ आठ-दहा दिवसांनी यायचा आणि वर टाकी ५०० लिटरची. मशीन पाणी घ्यायची, घेतलेलं पाणी खाली पडलेल्या पाईपातून आपोआप निघून जायचं, मशीनला वाटायचं अजून भरलंच नाही, मग ती अजून घ्यायची, थोड्या वेळानं एरर दाखवून थांबायची आणि आई परत बटन दाबायची. असं चार-पाच वेळा. शेवटी आई गच्चीवरनं ओरडली, "आरं ही मशीन पाणी पिऊलालीय का काय, टाकी सपली की!"

म्हणून मी उलट्या क्रमानं सांगणाराय, आधी सांडपाणी, मग नळ. ज्या गावाला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या गावात टाकीभर पाणी नालीत सोडल्यावर घरचे काय काय बोलतात ते मी ऐकलंय, तुम्ही ऐकू नका.

आधी मशीन ओळखा

सेमी ऑटोमॅटिक आणि बऱ्याच टॉप लोड मशीनमध्ये पाणी बाहेर फेकायला पंपच नसतो, खालचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी आपल्या वजनानं वाहून जातं. अशा मशीनचा पाईप जमिनीलगतच पाहिजे, तो उचलून वर अडकवला की पाणी आतच राहतं आणि कपडे पिळायच्या टायमाला मशीन रडते. फ्रंट लोड आणि काही टॉप लोडमध्ये पंप असतो, त्यांचं बरोबर उलटं, पाईप वर पाहिजे. ओळखायची सोपी खूण म्हणजे पंपवाल्या मशीनसोबत पाईपाला अडकवायला छत्रीच्या मुठीसारखा वाकडा प्लॅस्टिकचा हूक येतो. तरी मॅन्युअल उघडून बघाच, त्यात पाईपाच्या उंचीचं चित्र असतंय. पंपवाल्या बहुतेक मशीनला जमिनीपासून ६० ते १०० सेंटिमीटर लिहिलेलं असतं, म्हणजे दोन फुटापासून सव्वातीन फुटापर्यंत.

हे न बघता प्लंबरला बोलावलं तर तो त्याला सवय असलेल्या पद्धतीनं करून जाणार, आणि मशीन बसवायला आलेला पोरगा म्हणणार हे असं चालत नाही, परत फोडा.

जागा

मोरीजवळ किंवा बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला ठेवलेली सगळ्यात बरी, कारण सांडपाण्याला अंतर कमी लागतं. पाणी आणणारी लाईन कितीही फिरवून नेता येते, पाणी नेणारी नाही, तिला उतार लागतो. आपल्याकडं जुन्या घरात शहाबादी फरशी असते, ती मोरीकडं उतरती असते आणि बऱ्याचदा एखादी फरशी हलती, त्यावर मशीन ठेवली की स्पिनला अख्खं घर नाचतं. हलती फरशी आधी माल भरून पक्की करा. भिंत आणि मशीन यात चार इंच तरी जागा सोडा नाहीतर पाईप दबतो. टॉप लोड असेल तर झाकण पूर्ण उघडल्यावर वरच्या नळाला लागतं का तेही बघून घ्या, हे आमच्या वहिनीच्या घरी नळ बसल्यावर कळलं.

सांडपाणी, म्हणजे खरं काम

बिनपंपाच्या मशीनचं सोपं आहे. पाईप नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भांड्यात सोडायचा, वाटेत कुठं चढ नको आणि पाईपाचं तोंड ट्रॅपातल्या पाण्यात बुडायला नको, बस. फक्त जाळीवर नुसता ठेवू नका. पाण्याच्या जोरानं पाईप उडतो आणि बाथरूमभर फेस होतो. जाळीला पाईपाच्या मापाचं भोक असलेली झाकणं हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, ती बसवा.

पंपवाल्या मशीनसाठी वेगळा उभा पाईप करावा हे माझं मत. मोरीत सोडला तरी चालतं, पण मग पाईप आधी मशीनच्या मागं अडीच फूट वर चढवून, हुकात अडकवून, मग खाली आणायचा, सरळ जमिनीवर कधीच नाही. तेवढ्यानंही कधी कधी पाणी ओढलं जातंच, कारण भरलेल्या पाईपाचं एक टोक खाली असलं की तो पाणी खेचत राहतो. आपण ट्रॅक्टरच्या टाकीतून नळीनं डिझेल काढतो ना, तोंडानं एकदा ओढलं की मग आपोआप येत राहतं, तोच प्रकार. हवा मधे शिरली तरच तो तुटतो.

उभा पाईप असा करायचा. दोन इंची म्हणजे ५० मिमीचा पीव्हीसी पाईप घ्या, दीड इंचीवर काही जण भागवतात पण पंप मिनिटाला पंधरा-वीस लिटर फेकत असेल तर बारका पाईप उलटा भरून वर येतो. पाईप भिंतीला उभा लावायचा, वरचं तोंड जमिनीपासून अडीच-पावणेतीन फुटावर, खालच्या टोकाला ट्रॅप. ट्रॅप म्हणजे तो यू आकाराचा वाकडा भाग ज्यात थोडं पाणी कायम उभं राहतं आणि नालीचा वास, झुरळं वर येत नाहीत. ट्रॅपच्या पुढं आडवा पाईप चेंबरपर्यंत, त्याला चार फुटाला एक इंच उतार. उतार नजरेनं ठरवू नका, गवंड्याकडं लेव्हलची पाण्याची नळी असते ती दोन मिनिटं मागून घ्या. वळणावर काटकोनी एल्बोऐवजी ४५ चे दोन लावले तर कपड्यांचा बोंदरा, धागे अडकत नाहीत, आणि निदान एका वळणावर झाकणवाला बेंड ठेवा, दुकानात डोअर बेंड म्हणून मागा, पुढं चोकअप झालं तर त्यातून तार घालता येते.

सगळं आधी कोरडं जुळवून बघा, सोल्युशन न लावता, पेन्सिलीनं खुणा करा. मगच चिकटवा, कारण एकदा चिकटलं की कापावंच लागतं.

आता मशीनचा पाईप त्या उभ्या पाईपात चार ते सहा इंच आत घालायचा. जास्त नाही. आणि बाजूची मोकळी फट एम-सीलनं, चिंधीनं, टेपनं बुजवायची नाही! हे सगळे जण करतात, वास येतो म्हणून. वास ट्रॅप अडवतो, फट हवेसाठी आहे. फट बुजवली की परत माझ्या टाकीची गोष्ट. पाईप उडून बाहेर येऊ नये म्हणून हुकाला प्लॅस्टिकचा टाय मारून भिंतीवरच्या क्लॅम्पला बांधा, तेवढं पुरे. पाईप कमी पडला तर जोडून वाढवता येतो, पण लांबी दहा फुटाच्या पुढं नेऊ नका, पंपावर लोड येतो.

नळाच्या कामाला हात लावायच्या आधी याची टेस्ट घ्या. पाण्याचा २० लिटरचा जार असतो ना, तो भरून नरसाळ्यानं उभ्या पाईपात एका मिनिटात ओता. वर आलं नाही, कुठं ठिबकलं नाही, चेंबरला सगळं पोचलं, मग पुढं.

गावाकडं चेंबरच नसतं, पाणी दारातल्या नालीत. तिथं शोषखड्डा घ्या, नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघर खड्डे घेऊन नाल्या बंद करून दाखवल्यात, त्यामुळं हे पुस्तकी नाही. साधारण चार फूट लांब, रुंद, खोल, मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी आणि भोवती दगड-गोटे. पण आपली काळी माती पाणी पीत नाही, ओली झाली की फुगून बसते, म्हणून खड्डा खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. आणि बोअर-विहिरीपासून लांब.

ते पाणी नालीत सोडायचंच का

फ्रंट लोडला एका धुण्याला पन्नास-साठ लिटर जातं, टॉप लोडला सहज शंभराच्या पुढं. आपल्याकडं हे पाणी फेकवत नाही. पंपवाली मशीन असेल तर शेजारी निळा ड्रम ठेवून पाईप त्यात सोडता येतो, ड्रमचं तोंड सव्वातीन फुटाच्या आत असलं म्हणजे झालं. पाईपाचं तोंड ड्रममधल्या पाण्यात बुडू देऊ नका, कायम पाण्याच्या वर लटकतं ठेवा, नाहीतर पंप थांबला की ड्रममधलं घाण पाणी उलटं मशीनमध्ये यायचं आणि धुतलेल्या कपड्यांचं परत तेच. ड्रमला वरून चार इंच खाली एक भोक पाडून जादाचं पाणी मोरीत जाईल असा पाईप लावा. पहिलं साबणाचं पाणी संडासात ओतायला, अंगण-जिना धुवायला. शेवटच्या खळबळीचं पाणी लिंबाला, शेवग्याला घातलेलं चालतं, पण रोज त्याच झाडाला नको आणि कुंड्यांना, तुळशीला तर नकोच. ड्रमवर झाकण पाहिजे आणि पाणी त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी वास मारतो आणि डास होतात ते वेगळं.

पाण्याचं प्रेशर आधी मोजा

मशीनची लाईन नेहमी टाकीतूनच घ्यायची, म्युनिसिपालटीच्या नळाला थेट नाही. एक तर तो नळ रोज येत नाही, आणि आल्यावर पहिली पाच मिनिटं हवा आणि गाळच येतो.

मॅन्युअलमध्ये कमीत कमी प्रेशर लिहिलेलं असतं, बहुतेक ठिकाणी ०.३ किंवा ०.५ बार. एमपीए मध्ये असेल तर दहानं गुणा, ०.०५ एमपीए म्हणजे ०.५ बार. आता हिशोब सोपाय, दहा फूट उंचीवरच्या पाण्याचं प्रेशर साधारण ०.३ बार. एकमजली घर, स्लॅब दहा-साडेदहा फूट, टाकी स्लॅबवरच टेकवलेली, नळ साडेतीन फुटावर. म्हणजे टाकीच्या बुडापासून नळापर्यंत सातच फूट, ०.२ बार! टाकी भरलेली असली तर अजून दोन-तीन फूट मिळतात, आठवड्याच्या शेवटी ती तळाला गेली की तेही जातात. मग मशीन तासभर पाणीच भरत बसते आणि लोक म्हणतात मशीन खराब निघाली.

तर नळ बसवायच्या आधी त्याच उंचीवरच्या कुठल्याही नळाखाली दहा लिटरची बादली लावा आणि मोबाईलमध्ये टाईम बघा. दीड मिनिटाच्या आत भरली तर माझ्या अनुभवात मशीन बिनतक्रार चालते. तीन मिनिटं लागली तर आधी टाकीचं बघा. टाकी चार-पाच फुटाच्या लोखंडी स्टँडवर चढवणं हा कायमचा इलाज, एकदाच खर्च, लाईट लागत नाही. तेही होत नसेल तर टाकीच्या खाली प्रेशर पंप, नळ उघडला की आपोआप चालू होणारा. पण लाईट गेली की पंपही गेला. आणि तो पंप म्युनिसिपालटीच्या लाईनला लावू नका, शेजाऱ्याच्या तोंडचं पाणी ओढायचं पाप आहे ते.

लाईन आणि नळ

सामान: पिवळसर सीपीव्हीसी पाईप पाऊण इंची, एल्बो, टी, शेवटी पाऊण-अर्धा ब्रास एल्बो, एक बॉल व्हॉल्व्ह, सीपीव्हीसीचंच सोल्युशन (पीव्हीसीचं यावर धरत नाही, दुकानदार आहे ते देतो, डबा वाचून घ्या), टेफ्लॉन टेप, क्लॅम्प, आणि वॉशिंग मशीनचा नळ. नळ मागताना "वॉशिंग मशीनचा" असंच म्हणा, त्याच्या तोंडाला पाऊण इंची आटे असतात आणि मशीनचा पाईप थेट त्यावर फिरवून बसतो. साध्या बिब कॉकवर, म्हणजे बादलीच्या नळावर, चार स्क्रूचा ॲडॅप्टर लावून चालतं खरं, पण तो सहा महिन्यांत एकदा तरी निसटतो, आणि तो निसटतो तेव्हा घरी कुणी नसतं.

टाकीतून खाली येणाऱ्या लाईनला टी मारा, जितकी वर आणि जितकी सरळ तितकी बरी, शॉवरच्या मिक्सरच्या पुढून घेऊ नका. टीच्या लगेच पुढं बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे पुढं काहीही झालं तरी घरचं सगळं पाणी बंद करावं लागत नाही. नळ जमिनीपासून साडेतीन-चार फुटावर, मशीनच्या बरोबर मागं नाही तर थोडा बाजूला, म्हणजे मशीन न सरकवता हात पोचतो. लाईन भिंतीच्या वरून क्लॅम्प मारून नेली तरी चालते, दिसायला बरी नाही पण गळती लगेच दिसते आणि भिंत फोडावी लागत नाही, भाड्याच्या घरात तर हेच करा.

जोडताना टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून खालचा नळ उघडून लाईन पूर्ण रिकामी करा, ओल्या पाईपावर सोल्युशन धरत नाही. पाईप हॅक्सॉनं सरळ कापा, कडेचा भुसा काढा, पाईपावर आणि फिटिंगच्या आतून पातळ हात मारा, आत दाबताना पाव वळण द्या आणि मनात तीस मोजेपर्यंत धरून ठेवा, सोडलं तर पाईप हळूच बाहेर सरकतो. मग रात्रभर तसंच राहू द्या. घाई करणाऱ्याचा जॉईंट पहिल्या दिवशी गळत नाही, पंधराव्या दिवशी गळतो.

ब्रास एल्बो फरशी-टाईल्सच्या तोंडाला बरोबर आला पाहिजे, आत राहिला तर एक्स्टेन्शन निप्पल लावावं लागतं. नळाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप बारा-पंधरा वेढे, आटे आपल्याकडं तोंड करून घड्याळाच्या दिशेनं, उलटा गुंडाळला तर नळ फिरवताना सगळा सुटून येतो. नळ बसवायच्या आधी लाईन एकदा उघडून बादलीभर पाणी जाऊ द्या, आतला भुसा-माती निघून जाते, नाहीतर तो मशीनच्या तोंडाच्या जाळीत जाऊन बसतो. मशीनच्या पाईपाला मात्र टेफ्लॉन लागत नाही, आत रबरी वॉशर असतो, तो जाग्यावर आहे एवढं बघून हातानं घट्ट करा, पान्यानं आवळला तर प्लॅस्टिकचा नट चिरतो.

लाईट

१६ अँपिअरचा वेगळा सॉकेट, नळाच्या खाली नाही, बाजूला आणि वर. पाणी गरम करणाऱ्या मशीनचा हिटर दोन हजार वॅटच्या आसपास असतो, त्यामुळं एक्स्टेन्शन बोर्डवर चालवायची नाही. अर्थिंग नक्की तपासून घ्या, आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी ठक्क झाली की अर्थिंग कमकुवत होतं, खड्ड्यात बादलीभर पाणी टाकत जा. वायरमनकडून ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाईट तोडणारा स्विच, लावून घ्या, हे काम स्वतः करू नका.

चालू करताना

फ्रंट लोड असेल तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढलेत का? ते राहिले तर मशीन खोलीभर चालत फिरते. पाय वरखाली करून लेव्हल घ्या, लॉक नट आवळा. नळ आधी थोडाच उघडा, जॉईंटला टिश्यू पेपर किंवा वर्तमानपत्राचा तुकडा लावून बघा, बारीक ठिबक डोळ्याला दिसत नाही पण कागद लगेच ओला होतो. मग कपडे न टाकता सगळ्यात छोटा प्रोग्राम लावा आणि जवळ बसून राहा. पाणी भरताना सांडपाण्याच्या पाईपातून एक थेंबही बाहेर यायला नको, येत असेल तर पाईपाची उंची चुकलीय. पाणी सोडताना उभा पाईप वर भरून येतो का ते बघा.

बोअरचं पाणी असेल तर

आपल्याकडं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं, तांब्याला पांढरा थर देणारं. मशीनच्या पाईपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते ती महिन्याला काढून जुन्या ब्रशनं घासा, पाणी हळू भरायला लागलं की निम्म्या वेळा दोष तिचाच असतो. नळाच्या आधी एक वाय स्ट्रेनर लावला तर गाळ तिथंच अडतो. दोन-तीन महिन्यांनी रिकाम्या मशीनमध्ये लिंबूसत टाकून गरम पाण्याचा प्रोग्राम चालवा, क्षार सुटतात, किती टाकायचं ते मॅन्युअलमध्ये बघा. पंपाचा फिल्टर पुढं खाली असतो, उघडताना खाली परात ठेवा, आत बटनं, नाणी, केसांच्या पिना आणि आमच्या इथं एकदा मंगळसूत्राचा मणी निघाला होता.

नळ धुणं झाल्यावर बंद करायची सवय लावा. चार दिवस गावाला जाताना बॉल व्हॉल्व्हसुद्धा बंद, आणि परत आल्यावर त्या उभ्या पाईपात तांब्याभर पाणी ओता, उन्हाळ्यात ट्रॅप सुकतो आणि दार उघडलं की नालीचा वास घरभर.